साधीचं पांढरं शिंगरू

शिंगरू जन्माला येतं तेव्हा ओलं असतं, आणि ओल्या शिंगराचा रंग म्हणजे निव्वळ फसवणूक. काळं दिसतं ते पुढे तांबडं निघतं, तांबडं वाटतं ते वर्षभरात राखाडी होऊन बसतं. त्या पागेत मात्र फसायची वेळ कुणावर येत नसे, कारण तिथे नाना होते. मूठभर पेंढा घेऊन ते शिंगराची पाठ खसाखसा पुसायचे, कानामागचे केस उलटे फिरवून बघायचे आणि सांगून मोकळे व्हायचे, "तांबडं होणार. मागचा डावा पाय पांढरा, बाकीचे तिन्ही काळे." जन्माचे केस झडले की शिंगरू नेमकं तसंच निघायचं. पागेतले लोक म्हणायचे, शिंगरं नानांना घाबरून रंग बदलतात.

नाना मोतद्दार होते, आणि त्यांचे वडीलही त्याच पागेत मोतद्दार होते. खरारा करणं, खूर साफ करणं, चारा-पाणी, वेळेला घोडीचं बाळंतपण, यातच दोघांची हाडं झिजली. पागेच्या शेवटच्या भिंतीला टेकून दोन खोल्या होत्या, त्यात नाना आणि त्यांची बायको राहायची. भिंत एकच असल्यामुळे पलीकडच्या घोड्याने लाथ झाडली की अलीकडची भांडी वाजायची. बायको घोड्यांच्या झुली शिवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "मला सवती किती ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. प्रत्येकीला चार पाय आहेत, एवढं खरं." नाना यावर हसायचे नाहीत. कारण बाईचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं त्यांनाही वाटत नसे.

पागेचं नाव होतं ते अबलख घोड्यांसाठी. तांबड्या किंवा काळ्या अंगावर कुणी दुधाचं भांडं कलंडवावं तसे पांढरे डाग असलेले घोडे. हौशी माणसं लांबून यायची, कठड्याला रेलून तासन्‌तास बघत राहायची, आणि साधा एकरंगी घोडा समोरून नेला तर खिशातून मोबाइल काढून दुसरीकडे बघायची. एकरंगी घोडा चांगला धावतो, समजूतदार असतो, हे नाना पोटतिडकीने सांगायचे. पण डोळे भरून डाग बघायला आलेल्या माणसाला गुण कोण पटवणार?

या पागेचा एक नियम होता. अबलख घोडीला अबलख घोडा दाखवायचा नाही. जोडीतलं एक डागांचं, तर दुसरं एकरंगीच हवं.

नियम नानांच्या वडिलांनी घालून दिला होता, आणि तो काही पुस्तकात वाचून नव्हे. नानांच्या तरुणपणी पागेत उलटा हिशेब चालायचा. दोन्हीकडून डाग आले तर शिंगराला दुप्पट डाग येतील, असं जुन्या मालकांना वाटायचं. वाटणं स्वाभाविकच होतं. डागांची शिंगरं यायचीही भरपूर, काही एकरंगी निघायची, आणि मधूनच एखादं संपूर्ण पांढरं. नखशिखांत पांढरं, डोळे निळे, गुलाबी नाक. बघणाऱ्याने बघतच राहावं असं. ते उठून उभं राहायचं, आईला लुचायचं, दोन उड्या मारायचं. मग त्याचं पोट फुगायला लागायचं. शिंगराने जन्मल्यावर काही तासांत काळी चिकट लीद टाकायची असते, ती हे पांढरं शिंगरू टाकायचं नाही. प्यालेलं दूध आत साचत जायचं आणि ते लोळायचं, पोटावर लाथा मारून घ्यायचं, दात करकर खायचं. असं दोन दिवससुद्धा चालायचं.

पहिल्या एक-दोन वेळा वडिलांनी वाट पाहिली. पुढे त्यांनी वाट पाहणं सोडलं. पांढरं आलं की ते नानांना घोडीची दोरी धरून बाहेर पाठवायचे, स्वतः ओलं पोतं घेऊन आत जायचे आणि दार लावून घ्यायचे. "पांढऱ्याची वाट बघायची नाही," असं ते एकदाच म्हणाले, हात धुता धुता. अशी किती शिंगरं गेली, हे नाना कधी कुणापाशी बोलले नाहीत. बायकोपाशीही नाही.

त्या दिवसांतून नियम आला, आणि नियमाबरोबर एक रीतही आली. शिंगराने पहिली लीद टाकल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही, त्याचं कौतुक करायचं नाही. एका माणसाने आत बसून राहायचं. लीद पडली की त्याने दारात येऊन ओरडायचं, "टाकली!" आणि मग जो जिथे असेल त्याने हाताला लागेल ती बादली बडवायची. नियम पाळल्यामुळे पांढरं शिंगरू पुन्हा जन्मलंच नाही, आणि नव्या लोकांना रीतीमागचं कारणही माहीत नव्हतं. त्यांना ती गंमत वाटायची. आत बसणारा माणूस बहुतेक वेळा नानाच असायचे. नानांनी "टाकली" म्हटलं की कुणी आत डोकावून बघत नसे. बघायचं कशाला? नानांनी पाहिली होती ना.

साधीचा जन्मही नानांच्या हातावरचा. आई उत्तम अबलख, त्यामुळे पागेच्या मालकीणबाई मोठ्या आशेने आल्या होत्या. निघाली तांबडी. सरसकट तांबडी, फक्त तोंडावर कपाळापासून ओठांपर्यंत रुंद पांढरा पट्टा आणि एक डोळा निळसर घारा. "ही साधीच निघाली हो," बाई म्हणाल्या, आणि तेच तिचं नाव पडलं. गिऱ्हाइकं यायची, नाक मुरडायची, पुढच्या घोड्याकडे वळायची. शेवटी एके दिवशी बाई नानांना म्हणाल्या, "नाना, ही तुम्हीच घ्या. तुमचा जीव आहे तिच्यावर."

तोवर नानांच्या मालकीचं जगात काही नव्हतं. खोल्या पागेच्या, बादल्या पागेच्या, खराऱ्याचा ब्रशसुद्धा पागेचा. त्या दिवसापासून एक घोडी त्यांची झाली. नाना तिला सर्वांत शेवटी खरारा करायचे, म्हणजे घाई नको. तिच्याशी बोलायचेही, पण कुणी आलं की लगेच खाकरायचे.

नाना कामातून मोकळे व्हायची वेळ आली तेव्हा बाईंनी विचारलं, "नाना, निरोपाचं काय देऊ तुम्हाला?" नानांनी मान खाली घातली आणि पटकन बोलून टाकलं, "साधीला एकदा नकाशा दाखवू द्या." नकाशा हा पागेचा मुख्य वळू. त्याच्या दोन्ही कुशींवरचे डाग देशांच्या नकाशासारखे होते, म्हणून नकाशा. बाई हसल्या. "एवढंच? साधीला चालतो की. एकरंगीच आहे ती."

नानांना स्वतःचं एक अबलख शिंगरू हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अबलखांना खरारा केला होता. साधीने एक दिलं तर तिला नाक मुरडणाऱ्यांना कठड्याशी बोलावून दाखवावं, एवढीच इच्छा होती. माणसाने एवढी इच्छा धरू नये असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नानांची एकुलती एक लेक गुरांची डॉक्टर होती. जवळच्या गावात दवाखाना, गाडीच्या मागच्या सीटवर कायम रबरी बूट. सुट्टीला घरी आली तेव्हा नानांनी तिला बातमी सांगितली. ती खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. तिने हातातला कप खाली ठेवला.

"बाबा, आधी साधीचे केस तपासायला पाठवू. मुळासकट थोडे उपटले की झालं."

"कशाला?"

"ती अबलख आहे की नाही बघायला."

नाना खो-खो हसले. आतल्या खोलीत बायकोच्या शिवणयंत्राचा आवाज थांबला. "अगं, अबलख आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. त्याला केस कशाला उपटायचे?"

"नेहमी दिसत नाही, म्हणून तर म्हणते." लेक समजुतीच्या स्वरात बोलायला लागली, जशी ती अडलेल्या म्हशीच्या मालकाशी बोलत असे. "रंगाचा एक वाटा आईकडून येतो, एक बापाकडून. डागांचा वाटा एकाच बाजूने आला तर अबलख. दोन्ही बाजूंनी आला तर पांढरं. कारण पोट चालवणाऱ्या नसा आणि कातडीचा रंग, दोन्ही गर्भात एकाच ठिकाणाहून निघतात आणि पसरत जातात. दोन्ही वाटे तसे असले की रंग कातडीपर्यंत पोचत नाही आणि नसा आतड्यापर्यंत पोचत नाहीत. आतडं असतं, पण ते हलत नाही. आजोबांची शिंगरं त्यानेच गेली."

"हे मला माहीत आहे. म्हणून तर नियम पाळतो आपण."

"पण एखाद्या घोडीत तो वाटा असतो आणि अंगावर उमटत नाही, बाबा. नुसत्या तोंडावर संपतो. साधीची आई अबलख होती. तिचं तोंड बघा. डोळा बघा."

नानांचा चेहरा उतरला आणि लगेच चढला. "ज्या घोडीला अख्ख्या दुनियेने साधी म्हणून हिणवलं, तिला आज तू अबलख म्हणतेस? इतकी वर्षं घोडे बघतोय मी. माझ्या डोळ्यांसमोर जन्मली ती."

"बाबा, डोळ्यांनी बघायची गोष्टच नाही ही. उद्या सकाळी चार केस घेऊन जाते, मी पाठवते."

"माझी घोडी आहे," नाना म्हणाले.

असं वाक्य त्या घरात पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. लेकीने आईकडे पाहिलं, आईने शिवणयंत्राकडे. मग लेकीने हात टेकले. जाताना गाडीत बसून एवढंच म्हणाली, "वितेवेळी मला कळवा मात्र. आणि लीद टाकतं का ते डोळ्यांत तेल घालून बघा."

साधीला नकाशा दाखवला. साधी गाभण राहिली. नाना कागदोपत्री कामातून मोकळे झाले आणि पूर्वीपेक्षा अर्धा तास आधी पागेत जायला लागले.

घोड्या सहसा माणसं झोपल्यावर वितात, त्यांना बघे आवडत नाहीत. साधी व्याली ती ऐन सकाळी, लख्ख उन्हात, सगळी पागा कामावर आलेली असताना. दाराशी गर्दी झाली. सर्वांत पुढे लुकड्या, म्हणजे नानांच्या जागी आलेला मोतद्दार. काठीला शर्ट घातला तर जसा दिसेल तसा दिसायचा, पण हात कामसू होते. पुढचे पाय आले, नाक आलं, आणि नानांनी पाय धरून खाली ओढताच शिंगरू पेंढ्यावर पडलं.

नानांनी सवयीने मूठभर पेंढा घेतला आणि त्याची पाठ पुसायला सुरुवात केली. पुसत राहिले. पाठ, कुशी, मान, पुन्हा पाठ. कानामागचे केस उलटे फिरवले. रंग कुठेच नव्हता. शिंगराने डोळे उघडले ते निळे होते.

"अरे वा! नाना, हे तर बर्फासारखं..." लुकड्याने बोलायला सुरुवात केली आणि त्याला रीत आठवली, तशी जीभ चावली.

मागे मालकीणबाई उभ्या होत्या. जुन्या दिवसांतलं त्यांनाही ठाऊक होतं, तेव्हा त्या परकरी मुलगी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "नाना..."

"पांढरी सगळीच मरत नाहीत, बाई," नाना मान वर न करता म्हणाले. "काही नुसतीच पांढरी असतात."

हे वाक्य खोटं नव्हतं. लेकीनेही फोनवर तेच सांगितलं. "काही पांढरी जगतात बाबा, ती वेगळ्या जातीची. लीद टाकली तर काळजी नाही. नाही टाकली, तर तळमळू द्यायचं नाही त्याला. मी निघते. औषध घेऊन येते, दुपारपर्यंत पोचेन."

औषध कसलं, हे नानांना विचारावं लागलं नाही.

मग ते आत बसले. बाकीचे आपापल्या कामाला गेले, पण कान सगळ्यांचे दाराकडे. शिंगरू धडपडत उठलं, पडलं, पुन्हा उठलं. साधीने त्याला चाटून कोरडं केलं, घशातल्या घशात हुंकारत राहिली. ते लुचलं, पोटभर लुचलं. मग झुलत झुलत नानांपाशी आलं आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण तोंडात घेऊन चोखायला लागलं. नानांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. इतकं मऊ काही त्यांच्या हाताला लागलं नव्हतं. "कापूस," ते म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण म्हणाले. पागेची रीत मोडणारा पहिला माणूस तेच ठरले.

उन्हं वर आली. नानांनी कोमट साबणाचं पाणी आणून शिंगराला एनिमा दिला. पाणी जसं गेलं तसं बाहेर आलं, स्वच्छ. पुन्हा दिला. पुन्हा स्वच्छ. शिंगराने दोनदा शेपूट वर केली, जोर केला आणि गोंधळून मागे वळून पाहिलं. येईल, नाना स्वतःशी म्हणत होते, उशिरा टाकणारी असतात काही. फक्त थोडा वेळ हवा. आणि वेळच नव्हता, कारण लेक गाडीतून निघाली होती आणि तिच्या पेटीत ते औषध होतं.

आणखीही एक गोष्ट होती. ती नानांनी स्वतःला त्या वेळी सांगितली नाही, पण मी सांगतो. शिंगरू मेलं तर साधी साधी नव्हती असं ठरणार होतं. म्हणजे लेकीचं खरं आणि नानांची नजर खोटी. प्रेम आणि तोरा असे एकत्र कालवले गेले की माणसाला स्वतःलाच वेगळे काढता येत नाहीत. नानांना तर त्या वेळी वाटत होतं की ते निव्वळ प्रेम आहे.

दुपारी मालकीणबाई दारात आल्या. आत आल्या नाहीत, तशी रीतच होती. "नाना, टाकली का?"

नानांनी शिंगराकडे पाहिलं. ते साधीच्या पायांशी पाय पसरून झोपलं होतं, पोट किंचित फुगलं होतं, पण दूध प्याल्यानेही फुगतं.

"टाकली," नाना म्हणाले.

बाईंनी तोंडावर हात घेतला. पागेच्या त्या टोकाला लुकड्याने ऐकलं आणि पहिली बादली वाजवली. मग दुसरी, मग सगळ्याच. घोडे दचकून खुरं आपटायला लागले. नानांची बायको भिजल्या हातांनी धावत बाहेर आली, हसत होती आणि डोळे पुसत होती. कुणीतरी ओरडलं, "नाना, नाव काय, नाव सांगा!" नानांना नाव सांगावं लागलं. आवाज इतका होता की त्यांना दोनदा सांगावं लागलं.

लेकीला फोन बाईंनीच केला. लेक अर्ध्या वाटेवर होती. तिने एकच प्रश्न विचारला, "कुणी पाहिली?"

"नानांनी पाहिली."

"मग झालं. उद्या येऊन बघते," लेक म्हणाली. एका गावात गाय अडल्याचा निरोप तिला आलेला होता. तिने गाडी तिकडे वळवली.

बादल्या थांबल्या. नाना पुन्हा आत जाऊन बसले. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. खरी लीद पडायला हवी होती. ती एकदा पडली की दुपारचं खोटं आपोआप खरं होणार होतं, आणि कुणालाही काही कळणार नव्हतं.

कापूस उठलं ते पोटाकडे वळून बघतच उठलं. मग पुन्हा बसलं, लोळलं, उठलं. मागच्या पायाने पोटावर लाथ मारली. लुकड्या पाणी घेऊन आला होता, तो बघत राहिला. "वात धरला असेल, नाना. लीद तर टाकलीय, मग घाबरायचं काय? थोडं फिरवू या."

"फिरवू या," नाना म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ज्या एका गोष्टीवरून सगळं कळलं असतं, ती त्यांनी दुपारीच पुसून टाकली होती. लुकड्या बिचारा वाताची औषधं सुचवत राहिला आणि नाना मान हलवत राहिले.

संध्याकाळी शिंगराने लुचणं सोडलं. साधी नाकाने ढोसून त्याला उठवायची, ते उठायचं आणि पडायचं. दात करकर वाजायला लागले. तो आवाज नानांनी तरुणपणी, वडील अजून वाट बघायचे तेव्हा ऐकला होता, आणि तो पुन्हा ऐकावा लागू नये म्हणून वडिलांनी नियम केला होता. बायको एवढंसं तोंड करून दारात उभी राहिली. "अहो, पोरीला फोन करा ना."

"उद्या येणारच आहे ती."

"पण त्याला फार होतंय हो."

"लीद टाकलीय त्याने," नाना तिच्यावर ओरडले. ती निघून गेली. नंतर ते तिच्यावर ओरडल्याचंच त्यांना जास्त आठवायचं.

सबंध रात्र शिंगराने शेपूट उचलली की नाना पुढे सरकायचे. सकाळी त्याला मान उचलवत नव्हती. पोट ढोलासारखं ताणलं होतं, तोंडाला फेस होता, आणि निळे डोळे अर्धे मिटलेले. फोन शेवटी बायकोने केला, नवऱ्याला न विचारता.

लेक आली ती रबरी बुटांतच. गाय रात्री उशिरा सुटली होती, झोप झालेली नव्हती. तिने कुणाशी न बोलता गुडघे टेकले, शिंगराची शेपूट उचलून पाहिली, मग कानाला नळी लावली आणि ती पोटावर ठेवली. जागा बदलली. पुन्हा बदलली. पोट चालू असलं की आत गुरगुर ऐकू येते, नाल्यात पाणी वाहावं तशी. ती बराच वेळ ऐकत होती. दारात बाई होत्या, लुकड्या होता, इतर दोघं-तिघं होते.

तिने नळी काढली. "बाबा, काल जी लीद टाकली ती कुठे आहे?"

नानांना म्हणता आलं असतं, झाडून टाकली. तेवढंच पुरलं असतं, कारण त्या पागेत त्यांचा शब्द कुणी कधी उलटून पाहिला नव्हता. ते पेंढ्याकडे बघत राहिले. शिंगराने एकदा दात खाल्ले.

"नव्हती टाकली," नाना म्हणाले.

लुकड्याच्या हातात बादली होती, ती त्याने अगदी आवाज न करता खाली ठेवली.

"काल दुपारी मी अर्ध्या वाटेत होते, बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर नानांना बरं वाटलं असतं. मग तिने पेटी उघडली. "मान धरा त्याची."

नानांनी मान धरली. कापसाने त्यांच्या हाताचा वास घेतला आणि ते ओठांनी बटण शोधायला लागलं, कालच्यासारखंच. सुई आत गेली तरी ओठ थोडा वेळ शोधत होते. नंतर थांबले. नानांना त्या क्षणी स्वतःची किळस आली, आणि ती किळस पुढेही गेली नाही. वडिलांचं ओलं पोतं त्यांना आयुष्यभर क्रूर वाटत आलं होतं. आता त्यांना कळलं की ओल्या पोत्याने निदान एक दिवस आणि एक रात्र वाचवली असती.

साधी काही दिवस हाका मारत राहिली. दूध थानात दाटून तिचे सड तटतटले, ते नानांनीच हलक्या हाताने मोकळे केले. लेक पुढच्या वेळी आली तेव्हा नानांनी तिच्यासमोर साधीच्या आयाळीतले केस मुळासकट उपटले आणि कागदाच्या पुडीत घालून तिच्या हातात दिले. पुढे तिचा फोन आला. "आहे, बाबा. डागांचा वाटा आहे तिच्यात."

"बरं," नाना म्हणाले.

त्यांना कुणी बोल लावला नाही. बाईंनी खोल्या सोडायला सांगितलं नाही, उलट म्हणाल्या, "येत जा पागेत, नाना, घोड्यांना सवय आहे तुमची." लुकड्या रोज सकाळी त्यांचा चहा कठड्यावर आणून ठेवायचा. बायको त्यांच्या ताटात जास्तीचं वाढायची. सगळे इतके चांगले वागत होते की नानांना जेवण जाईना.

पुढच्या हंगामात एक काळी घोडी व्याली. जोडी नियमाप्रमाणेच लावलेली होती. लुकड्या स्वतः येऊन म्हणाला, "नाना, बसता का आत? मला पलीकडे नाल मारायचं काम आहे." नाना जाऊन बसले. शिंगरू तपकिरी होतं, कुशीवर हातभर पांढरा डाग. नानांनी त्याची पाठ पुसली, पण रंग काय होणार ते बोलले नाहीत. थोड्याच वेळात त्याने शेपूट उचलली आणि काळी, चकाकती लीद पेंढ्यात टाकली. भरपूर टाकली.

नाना दारात आले. घसा खाकरून त्यांनी ओरडून सांगितलं, "टाकली!"

पागेत सगळ्यांनी ऐकलं. हात थांबले. कुणीतरी बादली उचलली होती, ती तशीच हातात राहिली. सगळे लुकड्याकडे बघत होते. लुकड्याने हातोडी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि मान खाली घालून चालत दारापाशी आला. नानांकडे त्याने पाहिलं नाही. त्याला लाज वाटत होती, हे नानांना दिसत होतं.

नाना दारातून बाजूला झाले, त्याला आत जाता यावं म्हणून. तो आत गेला, वाकला, पेंढा सारून बघितला आणि बाहेर आला.

"टाकली!" लुकड्या ओरडला.

मग बादल्या वाजल्या.